विंचसाठी बॅटरी आणि अल्टरनेटर: काळ्या मातीत आणि खान्देशच्या उन्हात टिकेल असा मेळ

श्रावणातली रात्र. शिरपूरच्या पुढे, अनेर नदीच्या बाजूच्या एका नाल्यात शेजाऱ्याचा पिकअप पार एक्सलपर्यंत फसला होता. माझ्या गाडीला विंच, म्हणजे फसलेली गाडी ओढून काढणारा विजेच्या मोटारीचा दोर-ड्रम, बसवून महिनाही झाला नव्हता. विंचसोबत मी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र, तोही बदलून घेतला होता, ९० अँपिअरचा काढून १२० चा. बॅटरी मात्र तीन वर्षांची, जुनीच ठेवली. रोज सकाळी सेल्फ एका झटक्यात लागत होता, मग बदलायची कशाला, असा माझा हिशेब. पहिली ओढ छान गेली. दुसऱ्या ओढीत हेडलाइट पिवळे पडले. तिसऱ्या ओढीत विंचच्या सोलेनॉइडच्या (मोटारीला वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) डब्यातून टकटकटक आवाज यायला लागला, दोर जागच्या जागी थांबला आणि पाठोपाठ इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा धड लागेनात. रात्र आम्ही गाडीतच काढली. सकाळी पलीकडच्या वस्तीवरचे एक काका ट्रॅक्टर घेऊन आले, बॉनेटखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "बॅटरी बठी गयी भाऊ." त्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जाड केबल लावली तेव्हा गाडी चालू झाली.

त्या रात्रीपासून मला कोणीही विचारलं की मी एकच सांगतो: विंच बॅटरीवर चालतो, अल्टरनेटरवर नाही. बॅटरी म्हणजे भरलेला हौद आणि अल्टरनेटर म्हणजे त्यात पडणारी धार. हौदाचं तोंड विंच एकदम उघडतो, तेव्हा धार कितीही वाढवली तरी ती पुरत नाही. म्हणून पैसे घालायचे ते आधी केबलमध्ये, मग बॅटरीत आणि सगळ्यात शेवटी, गरज उरलीच तर, अल्टरनेटरमध्ये. मी नेमका उलटा क्रम लावला होता.

पहिली पायरी: विंचची भूक मोजा

सामान आणि माणसं धरून गाडीचं वजन काढा आणि त्याच्या दीडपट ओढ असलेला विंच घ्या. माझी गाडी भरल्यावर २२०० किलोच्या आसपास जाते, म्हणजे ३३०० किलो. बाजारात विंचची ताकद पौंडात सांगतात, त्या हिशेबाने ८००० ते ९५०० पौंडांचा विंच बसतो. ९५०० पौंड म्हणजे साधारण ४३०० किलो. पण ही ताकद ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते. थर वाढत गेला की ओढ कमी होत जाते.

आता खोक्यातलं माहितीपत्रक फेकू नका. त्यात ओढीप्रमाणे किती अँपिअर लागतात याचा तक्ता असतो. १२ व्होल्टच्या या वर्गातल्या विंचचा ढोबळ अंदाज असा: दोर नुसता गुंडाळताना ६० ते ८० अँपिअर, निम्म्या ओढीला २०० ते २५० आणि पूर्ण ओढीला ४०० च्या वर. ४०० अँपिअर म्हणजे किती, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल असं सांगतो. विहिरीवरची ५ एचपीची मोटार जेवढी वीज खेचते, तेवढीच वीज त्या क्षणी बॉनेटखालच्या एका बॅटरीतून निघत असते.

आणि काळी माती ओढ वाढवते. कोरड्या मुरमाच्या चढावर गाडी आपल्या वजनाच्या काही हिश्शानेच हलते. भिजलेल्या कापसाच्या जमिनीत चाक एक्सलपर्यंत गेलं की माती ते चोखून धरते, गाडीच्या वजनाएवढी किंवा त्याहून जास्त ओढ लागते. म्हणून तक्त्यातला मधला आकडा बघून समाधान मानू नका, शेवटच्या ओळीवर बेत आखा.

विंच पुढे बसवायला बहुतेक जण जाड लोखंडी बंपर लावतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुल-बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे, त्यामुळे मूळ बंपरच्या मागे लपणारी प्लेट बनवता येते का ते आधी बघा आणि आरटीओत विचारून मगच वेल्डिंग करा.

दुसरी पायरी: बॅटरी

दुकानात गेल्यावर सगळे एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा साठा) विचारतात. ७५ एएच हा आकडा खरा, पण तो २० तासांच्या हिशेबाचा आहे: पावणेचार अँपिअर सतत २० तास. त्याच बॅटरीतून ४०० अँपिअर काढले तर कागदावर ११ मिनिटं दिसतात, प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही मिळत नाहीत. करंट जितका मोठा, तितकी बॅटरी आपल्या पोटातला साठा कमी देते. शिसे-आम्लाच्या प्रत्येक बॅटरीचा हा स्वभाव आहे.

विंचसाठी बघायचा आकडा म्हणजे सीसीए, कोल्ड क्रँकिंग अँपिअर. उणे १८ अंशात बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते आणि तरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, ते हा आकडा सांगतो. खान्देशात उणे १८ कुठून येणार, हा प्रश्न बरोबर आहे. पण सीसीए जास्त म्हणजे बॅटरीचा आतला अडथळा कमी, आणि आपल्याला तेच हवं. विंच बनवणारे साधारण किमान ६५० सीसीए मागतात. मी ७०० च्या खाली जात नाही. लेबलवर आकडा छापलेला नसेल तर दुकानदाराकडून कंपनीचं माहितीपत्रक मागून घ्या. दाखवत नसेल तर दुसरं दुकान बघा.

प्रकारांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ऑफ-रोडवाले सरसकट एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली बंद बॅटरी) सांगतात. एजीएम मोठा करंट देते, धक्के सोसते, कलंडली तरी सांडत नाही, हे सगळं खरं. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर असताना बॉनेटखाली काय होत असेल याचा विचार करा. बॅटरीचं तापमान दर ८ ते १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. साध्या बॅटरीत पाणी उडालं तर झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर घालता येतं. एजीएम एकदा सुकली की सुकली. म्हणून बॅटरी इंजिनशेजारीच ठेवायची असेल तर चांगल्या सीसीएची पाण्याची बॅटरी किंवा ईएफबी (पाण्याच्याच बॅटरीचा सुधारित प्रकार) घ्या, मध्ये उष्णतेचा पत्रा लावा आणि उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघा. बॅटरी मागच्या हौद्यात किंवा सीटमागे हलवणार असाल तर मात्र एजीएमचे पैसे वसूल होतात.

जेल बॅटरी विंचसाठी घेऊ नका, तिला मोठा करंट झेपत नाही. लिथियमचं आकर्षण मला कळतं, वजनाला हलकी आणि व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून. पण आत बसवलेली बीएमएस (बॅटरी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पाटी) बऱ्याच वेळा १०० ते २०० अँपिअरलाच पुरवठा तोडते, आणि ऐन ओढीत अशी तोड झाली तर अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उडण्याची भीती असते. सतत ५०० अँपिअर देईन असं लेखी देणारी बॅटरी असेल तरच तिचा विचार करा.

आणि एक कळकळीची विनंती. घरातली १५० एएचची इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उचलून गाडीत ठेवू नका. लोडशेडिंगमुळे प्रत्येक घरात ती आहे, आकडाही मोठा दिसतो, म्हणून अनेकांना मोह होतो. तिच्या प्लेटा जाड असतात, रात्रभर पंखे-दिवे हळूहळू चालवायला केलेल्या. ४०० अँपिअर मागितले की तिचं व्होल्टेज कोसळतं, आणि दगडधोंड्यांच्या धक्क्यांसाठी ती बनवलेलीच नसते. त्यापेक्षा ट्रॅक्टरची बॅटरी बरी, ती निदान सेल्फसाठी बनवलेली असते.

घेताना बॅटरीवरचा कोड नीट वाचा. ९५डी३१आर यात ९५ हा ताकदीचा क्रम, डी ही रुंदी-उंचीची खूण, ३१ ही सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतं. बाजू चुकली तर केबल पोचत नाही, किंवा पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याजवळ येतं. बनवल्याची तारीख तीन महिन्यांच्या आतली असू द्या. मल्टिमीटर सोबत न्या, दुकानातच १२.५ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर ती फळीवर पडून राहिलेली आहे.

दुसरी बॅटरी लागते का?

शेतात, रस्त्यालगत, चार माणसं हाकेच्या अंतरावर असतील तर एक उत्तम बॅटरी आणि गाडीत जाड जंपर केबल एवढं पुरतं. धडगाव, मोलगी किंवा तोरणमाळच्या मागच्या डोंगरात एकट्याने गाडी घालणार असाल तर दुसरी बसवा. पण ती विंचसाठी नको, सेल्फसाठी राखून ठेवा. विंच मुख्य बॅटरीवर चालू द्या. ती बसली तरी राखीव बॅटरीवर इंजिन चालू झालंच पाहिजे.

दोघींच्या मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बसतो. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेलं की जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. ओढीच्या वेळी हा रिले हाताने बंद करता येईल असा स्विच ठेवाच. नाहीतर विंच दुसऱ्या बॅटरीतूनही त्याच रिलेमार्फत करंट खेचतो आणि १४० अँपिअरचा रिले आत वितळून चिकटतो. बीएस-६ च्या काही गाड्यांचा अल्टरनेटर संगणकाच्या हुकुमाने व्होल्टेज वर-खाली करतो. तिथे असा रिले गोंधळतो, डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी योग्य व्होल्टेजने भरणारा) लावावा लागतो.

तिसरी पायरी: अल्टरनेटर

जुने मेकॅनिक अजून याला डायनामो म्हणतात. अंगावरच्या पट्टीवर ९० अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा थंड अल्टरनेटर जोरात फिरत असतानाचा आहे. इंजिन आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असतं, पुलीच्या प्रमाणामुळे अल्टरनेटर २००० च्या आसपास फिरतो आणि तेव्हा तो फार तर ४० ते ४५ अँपिअर देतो. तापल्यावर आणखी कमी. त्यातून हेडलाइटला ९-१०, रेडिएटरच्या किंवा एसीच्या पंख्याला १०-१५, ब्लोअर, इंधन पंप आणि ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) वेगळं. बॅटरीसाठी हातात काय उरलं? जवळजवळ शून्य.

म्हणून मोठा अल्टरनेटर घेण्याआधी हे फुकटातलं करा: ओढताना एसी बंद, गरज नसेल ते दिवे बंद आणि इंजिन १५०० फेऱ्यांवर. एवढ्यानेच ९० चा अल्टरनेटर ६५-७० अँपिअरपर्यंत जातो. त्या रात्री माझा १२० चा अल्टरनेटर आयडलवर फिरत होता आणि एसी चालू होता.

आता हिशेब मांडू. २५० अँपिअरने ३ मिनिटं ओढलं तर साडेबारा एएच गेले. त्याच ३ मिनिटांत अल्टरनेटरने ५० अँपिअर जादा दिले तर अडीच एएच आत आले. निव्वळ तूट १० एएच. ती ४० अँपिअरने भरायला हिशेबाने १५ मिनिटं, पण बॅटरी भरत आली की चार्ज हळू घेते, म्हणून २०-२५ धरा. हा वेळ तुम्हाला परवडत असेल तर मूळ अल्टरनेटर पुरे. पावसाळ्यात एकामागून एक गाड्या काढायचं काम असेल, किंवा दोन बॅटऱ्या असतील, तरच १२०-१३० च्या मागे लागा.

घ्यायचाच ठरला तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: २००० फेऱ्यांवर किती देतो? कमाल आकड्यापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं. मग ब्रॅकेट आणि पुली जुळते का, पट्ट्यावर जादा भार झेपेल का, ते बघा. १३० अँपिअर बनवायला इंजिनची सुमारे ४ एचपी जाते आणि ती सगळी पट्ट्यावरून जाते. पट्टा ढिला असेल तर किंचाळतो आणि चार्जिंग पडतं. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जुनी बारीक वायर आणि तिचा फ्यूज बदललाच पाहिजे, नाहीतर नवा अल्टरनेटर जुन्या वायरला तापवत बसतो. संगणकाने चालणाऱ्या गाडीत भलताच अल्टरनेटर घातला तर डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागून राहतो, तिथे कंपनीच्याच मोठ्या मॉडेलचा भाग शोधा.

चौथी पायरी: केबल, जिथे सगळे हात आखडतात

४०० अँपिअरला तांब्याची केबल किती व्होल्ट खाते बघा. बॅटरीपासून विंचपर्यंत २ मीटर आणि परत २ मीटर, अशी ४ मीटर धरू. ३५ चौरस मिलिमीटरची केबल ०.८ व्होल्ट खाते, ५० ची सुमारे ०.५५ आणि ७० ची ०.४. आधीच बॅटरी ओढीत साडेदहावर आलेली असते, त्यात हे जातात. ओढ तेवढीच असेल तर विंचची मोटार करंट तेवढाच घेते. व्होल्टेज कमी झालं की फक्त तिचा वेग पडतो. वेग पडला की वेळ वाढतो, वेळ वाढला की बॅटरी आणखी उतरते. बॅटरी पुढेच असेल तर ५०, मागे हौद्यात असेल तर ७० किंवा जास्त वापरा. वेल्डिंगची लवचिक केबल चालते, पण ती अस्सल तांब्याची आहे का ते टोक सोलून, तार खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास विकली जाते.

निगेटिव्हसाठी चेसिसवर भरवसा ठेवू नका, पॉझिटिव्हएवढीच जाड केबल बॅटरीपर्यंत न्या. ज्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, तिथे केबल सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडावी लागते, नाहीतर गेलेला चार्ज गाडीला दिसतच नाही. थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेलं थिंबल बाहेरून घट्ट दिसतं. माझं एक तसं होतं. ओढीनंतर बोट लावलं तर चटका बसला, आणि सोलून पाहिलं तेव्हा आतल्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या.

बॅटरीजवळ पॉझिटिव्ह केबलवर ५०० अँपिअरचा कट-ऑफ स्विच बसवा आणि विंच नको असेल तेव्हा तो बंदच ठेवा. बंपरला धक्का बसून केबल सोलली गेली तर पेटणारी गाडी हाच स्विच वाचवतो. स्विच फक्त विंचच्या वाटेवर हवा. इंजिन चालू असताना मुख्य बॅटरीच तोडली तर अल्टरनेटरचे डायोड जातात.

पाचवी पायरी: घरीच तपासा

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.६ किंवा जास्त दिसलं पाहिजे; १२.२ म्हणजे बॅटरी निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. चालू इंजिनला १३.८ ते १४.४ यावं. उन्हाळ्यात १४.८ च्या वर जात असेल तर कटआउट (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) बिघडलाय, तो बॅटरीचं पाणी उकळवतोय. मग एखाद्या चढावर स्वतःची गाडी विंचने ओढा आणि एका माणसाला बॅटरीवर, दुसऱ्याला विंचच्या टर्मिनलवर मीटर धरायला लावा. दोन आकड्यांत एक व्होल्टाहून जास्त फरक असेल तर कुठलं तरी थिंबल, स्विच किंवा अर्थिंग खातंय. हात लावून बघा, जे गरम तेच दोषी. डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर करंटही मोजा. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनसमोर करून घ्या.

नाल्यात प्रत्यक्ष ओढताना

आधी फावडं. चाकांपुढची आणि एक्सलखालची माती काढली की निम्मा भार तिथेच उतरतो. मग कप्पी लावा. विहिरीच्या मोटेपासून आपल्याला कप्पी माहीत आहे. दोर कप्पीतून परत गाडीकडे आणला की विंचवरची ओढ निम्मी होते. वेळ दुप्पट लागतो, पण करंट खूप खाली येतो, आणि मोठ्या करंटला अडखळणारी बॅटरी अशा वेळी आपला साठा मोकळेपणाने देते. फसलेल्या गाडीची चाकं लो गिअरमध्ये हलकी फिरू द्या. झाडाला दोर थेट बांधू नका, रुंद पट्टा लावा. ओढत असताना दोराच्या आसपास कोणालाही उभं राहू देऊ नका.

एका वेळी एक मिनिट ओढा, मग थांबा. हाताच्या मागच्या बाजूने विंचची मोटार चाचपा. हात ठेववत नसेल तर थंड होऊ द्या. नजर व्होल्टमीटरवर. ओढीत ११ च्या खाली जायला लागलं की सावध व्हा, १०.५ ला थांबा. त्याखाली सोलेनॉइड टकटक करतो, आणि तो आवाज साधा नाही. प्रत्येक टकटकीला आतले संपर्क ठिणगी मारत जळतात आणि कधीतरी चिकटतात. मग बटण सोडलं तरी विंच ओढतच राहतो आणि तो थांबवायला फक्त कट-ऑफ स्विच उरतो. म्हणून तो स्विच हाताला सहज लागेल असा हवा, एअर फिल्टरच्या मागे नाही.

घरी आल्यावर अल्टरनेटरवर बसलेला काळा गाळ कमी दाबाच्या पाण्याने धुवा. तो वाळला की बेअरिंगमध्ये आणि ब्रशमध्ये सिमेंटसारखा बसतो. टर्मिनल पुसून ग्रीस लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, मीटर लावा. १२.४ च्या खाली दिसलं तर रात्री चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरा, कारण गावात दोन-चार किलोमीटर चालवून ती तूट भरत नाही.